डॉक्टरच्या पाठीमागची खुर्ची
(युसूफ वडगाव, तालुका केज, इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं बोलावलं ते कविता वाचायला. चार कविता खिशात घालून मुंबईहून निघालो. मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे तुमच्या भाषेत दहावी. डॉक्टरकीवर बोलायचा मला काडीचा अधिकार नाही. पण काल रात्री जेवणं झाल्यावर वस्तीतली एक पोरगी आली. यंदा बारावी सायन्स झालीय. मोबाईलवरची जाहिरात माझ्यापुढं धरून म्हणाली, ‘दादा, फिजिशियन असिस्टंट म्हंजे काय? ह्येला आपल्या महाराष्ट्रात नोकरी हाय का?’

तिचे आईबाप दरसाल कारखान्यावर जातात. कॉलेजनं सांगितलेली पहिल्या वर्षाची फी त्यांच्या एका कोयत्याच्या उचलीएवढी आहे. म्हणजे फी भरायची तर नवरा-बायको दोघांनी येणारा हंगाम आधीच विकून टाकायचा. असल्या प्रश्नापुढं कविता काय वाचू? ती राहू द्या खिशात.

आधी हे नाव आलं कुठून ते सांगतो. १९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड नावाच्या डॉक्टरनं चार माणसं शिकायला घेतली. चौघंही आरमारात जखमींची मलमपट्टी करून आलेली. हाताला काम येत होतं, पण कागद नव्हता. १९६७ साली त्यातले तिघं बाहेर पडले, ते पहिले फिजिशियन असिस्टंट. मला ही गोष्ट आवडते. हातातल्या कसबाला कागद मिळाला, असं आपल्याकडं किती वेळा घडतं?

आपल्या देशात हा कोर्स आला १९९२ साली, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये. आणला डॉ. के. एम. चेरियन यांनी. ते हृदयाचे सर्जन. म्हणजे इकडं हा माणूस जन्मला तोच मोठ्या इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरात. रोग्याची हकीकत लिहून घ्यायची, रिपोर्ट गोळा करायचे, राउंडला डॉक्टरच्या मागं उभं राहायचं, ऑपरेशनला हात द्यायचा, घरी सोडतानाचा कागद तयार करायचा. कामाला मान आहे, मी नाही म्हणत नाही. पण स्वतःच्या नावानं दवाखाना टाकता येत नाही. डॉक्टर आहे तोवर तुम्ही आहात.

म्हणून नोकऱ्या कुठं, तर जिथं मोठे सर्जन बसतात तिथं. मुंबई, पुणे, नागपूर. खाजगी इस्पितळं. केज तालुक्यात या नावाची पाटी शोधू नका. सरकारी उपकेंद्राच्या २०२२ च्या मानकांत आशा आहे, आरोग्यसेविका आहे, समुदाय आरोग्य अधिकारी आहे. फिजिशियन असिस्टंटची खुर्ची नाही. सरकारी पद नाही म्हणजे बिंदुनामावली नाही, आणि बिंदुनामावली नाही म्हणजे तुमच्या जातीच्या दाखल्याला तिथं कुणी विचारत नाही. खाजगीत ओळख लागते आणि इंग्रजी लागतं. शिवाय मुंबईत खोलीचं भाडं. ते मला विचारा.

आता कायदा. २०२१ साली केंद्रानं संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएट हे नाव आहे. प्रत्येक राज्यात परिषद आणि नोंदणीवही ठेवायला त्यानं सांगितलंय. तेव्हा कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेला भुलू नका. ‘तुमच्या पदवीनं माझं नाव त्या वहीत लागणार का, ते लेखी द्या,’ असं तोंडावर विचारा. जो लेखी देत नाही त्याच्या गेटातून परत फिरा. आसामात काय झालं ते ऐका. राज्य सरकारनंच २००४ चा कायदा करून खेड्यासाठी तीन वर्षांचा डॉक्टरकीचा डिप्लोमा काढला. पोरं शिकली, खेड्यात गेली, कामाला लागली. आणि २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं, असा कायदा करायचा अधिकारच राज्याला नव्हता. सरकारनं काढलेल्या कोर्सची ही गत, तर भाड्याच्या इमारतीतल्या कॉलेजचं काय सांगू!

मग दुसरं काय आहे? समुदाय आरोग्य अधिकारी आहे, तुम्ही ज्याला सी.एच.ओ. म्हणता. डॉक्टर नसलेल्या गावात डॉक्टरच्या जवळपासचं काम करणारा हाच. या योजनेतलं पहिलं केंद्र १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगडच्या जांगला गावात उघडलं. तारीख बघा कुठली निवडली! पदाला लागतं बी.एस्सी. नर्सिंग किंवा बी.ए.एम.एस., वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण. नेमणूक कंत्राटी. आपल्या राज्यातल्या भरतीच्या जाहिरातींत छापून आलं, २५ हजार ठरलेले आणि १५ हजारांपर्यंत कामावर आधारित.

हे वाचलं आणि मला हसू आलं. कामावर आधारित म्हणजे काय ते गोदीवाल्याला शिकवू नका. चाळीसातले पंधरा म्हणजे रुपयात बरोबर सहा आणे. गोदीत टनावर पैसे, उसाच्या फडात टनावर पैसे. इकडं किती बाया तपासल्या, किती जणांचं बीपी-शुगर पाहिलं, किती नावं ऑनलाइन चढवली, त्यावर पैसे. रेंज नसली तर नाव चढत नाही, मग पैसे कापायचे ते कुणाचे? पदाला नाव ‘अधिकारी’, पण मोजणी टोळीतल्या गड्यासारखी. मुकादम तेवढा दिसत नाही, तो कॉम्प्युटरात बसलाय.

गोदीतली जुनी माणसं सांगतात, पूर्वी फाटकाबाहेर सकाळी उभं राहायचं, तोलीवाला बोट दाखवील तो आत. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, मुंबईत १९५१ ला योजना आली, तेव्हा नाव रजिस्टरात चढलं. काम नसलं तरी हजेरीचे काही पैसे मिळू लागले. ते संपानं मिळवलं, कुणी ओवाळणीत घातलं नाही. आज माझं स्वतःचं नाव कंत्राटदाराच्या वहीत आहे, ती गोष्ट निराळी. पण म्हणूनच सांगतो, नोकरी बघताना पगाराचा आकडा नंतर बघा, नाव कुठल्या वहीत लागतं ते आधी बघा.

२०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातले आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर बसले. २०२४ च्या मार्चमध्ये सरकारनं ठरवलं, दहा वर्षं सेवा झालेल्यांना ३० टक्के पदांवर कायम करू. दहा वर्षं! ज्या पदाचा जन्मच २०१८ नंतरचा, त्यावरच्या पोरीची दहा वर्षं कधी भरणार, हिशेब तुम्हीच करा.

तरी मी या नोकरीला नाही म्हणत नाही. का, ते या जिल्ह्यात सांगायला नको. पण सांगतो. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय, म्हणून बाई दवाखान्यात गेली आणि पिशवी देऊन आली. शेजारच्या अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी हे झालं. बाई आणि कात्री यांच्या मधे उभं राहून ‘थांब बाई, आधी गोळ्या घेऊन बघ, कॅन्सरची तपासणी कर’ असं म्हणणारं माणूस गावात नव्हतं. ते माणूस आपल्याच वस्तीतली पोरगी का असू नये? आपल्याला दवाखान्यात आजवर काय मिळालं? झाडू, मोरी, प्रेत उचलणं. रोग्याच्या नाडीवर आपला हात चालत नव्हता. जामखेडला आरोळे पती-पत्नींनी १९७० मध्ये काम सुरू केलं. निरक्षर बायांना, त्यात दलित बायाही होत्या, आरोग्याचं शिकवलं, आणि त्यांच्या हातानं गावची बाळंतपणं होऊ लागली. जामखेड इथून किती लांब आहे? हात चालतो, दोस्तांनो. पगार चालवत नाहीत. १९७७ ला सरकारनं गावोगाव आरोग्यसेवक नेमले, मानधन महिन्याला ५० रुपये. तेव्हापासून हीच रीत आहे, काम मायेनं करा आणि पैसे मागू नका.

म्हणून त्या पोरीला रात्री मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पहिली बी.एस्सी. नर्सिंग. सीईटी दे. प्रवेश सरकारी फेरीतूनच घे, म्हणजे शिष्यवृत्तीचा हक्क राहतो. मॅनेजमेंटच्या कोट्यातून गेलीस की तो गेला. जात पडताळणीचा अर्ज आजच कर, उद्यावर ढकलू नको. नर्सिंगला नोंदणीची परिषद आहे, सरकारी पदं आहेत, त्यातूनच पुढं सी.एच.ओ. होता येतं. फिजिशियन असिस्टंट करायचं असलं तर तीन गोष्टी लेखी घे, नोंदणी, इंटर्नशिप कुठल्या इस्पितळात, आणि मागच्या बॅचची पोरं आज कुठं आहेत. आणि त्यासाठी उचल घ्यायची नाही.

ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, ‘दादा, नर्सिंग तर आमच्या पावण्यातल्या दोघी करत्यात. मला राउंडला डॉक्टरच्या मागं नाही, बरोबरीनं उभं राहायचंय.’ मला पटकन उत्तर सुचलं नाही, खरं सांगतो. नीट द्यायची तिची तयारी असेल आणि वर्षभर घर थांबायला राजी असेल, तर तेही विचारात घेतलं पाहिजे. घर थांबेल का, हे तिच्या आईला विचारायचंय. आई समोरच बसलीय.

उद्या सकाळच्या एस.टी.नं आम्ही अंबाजोगाईला चाललोय, मेडिकल कॉलेजात चौकशीला. ज्यांच्या घरी बारावीची पोरं आहेत त्यांनी मार्कशीट आणि जातीचा दाखला घेऊन फाट्यावर या. झेरॉक्स चार-चार आणा, तिकडं दर जास्त घेतात.