स्लॅबला भोक किती मोठं ठेवायचं?

आजचा विषय छोटा आहे, पण एकदा स्लॅब पडला की तो बदलता येत नाही. छतातल्या खिडकीचं, म्हणजे स्कायलाइटचं माप.

बार्शीत आमच्या घराचं काम सुरू आहे. प्लॉट 20 बाय 50, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढे हॉल, मागे बेडरूम, मध्ये 10 बाय 12 चं स्वयंपाकघर. त्याला खिडकी काढली तर ती शेजाऱ्यांच्या घरात उघडेल! जुन्या घरात आई भर दुपारी ट्यूब लावून भाकरी थापते, लाईट गेली की मोबाईलच्या टॉर्चवर. नव्या घराकडून तिची मागणी एकच, दिवसा दिवा लावावा लागू नये. वडिलांचीही एकच, गळू नये.

तसं आपल्याला हे नवीन नाही. माळवदाच्या घराला सवणं असायचं, कुठे त्याला साणं म्हणतात. छोटंसं भोक, धूर बाहेर, उजेड आत, पाऊस आला की झाकून टाकायचं. कोकणात कौलांमध्ये एखादं काचेचं कौल. दोन्ही लहानच, आणि ते बरोबर होतं.

कारण आपण फोटो बघतो युरोपातल्या उतरत्या छपरांचे. तिथे सूर्य तिरपा, ऊन हवंहवंसं. बार्शी साधारण 18 अक्षांशावर. मेच्या मध्यात आणि जुलैअखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. सपाट काच ठेवली की मे महिन्याचं ऊन सरळ आत.

आता आकडे बघा. मेच्या दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. आम्हाला सुचवलेलं माप होतं 4 बाय 4 फूट, म्हणजे दीड चौरस मीटर. साधी काच त्यातलं तीन चतुर्थांश तरी आत सोडते. म्हणजे हजार-अकराशे वॅट. बार्शीच्या उन्हाळ्यात, गॅस पेटलेला असताना, डोक्यावर रूम हीटर!

मग 1 बाय 1 ठेवावं का? तेही नको. स्लॅब पाच इंच, वर पाणी अडवायला नऊ इंचांचा कठडा. म्हणजे 14 इंच खोल आणि 12 इंच रुंद अशी विहीर झाली. अर्धा उजेड भिंतीच खातात. भोक रुंद केलं की हे नुकसान कमी होतं. म्हणून चार बारक्या भोकांपेक्षा एक मध्यम बरं. आतून पांढरा रंग द्या, तो फुकटचा फायदा.

मी हिशोब पावसाळी, ढगाळ दुपारचा धरला, कारण खरी परीक्षा तेव्हाच. 2 बाय 2 थोडं कमी पडतं. 2 बाय 3 मध्ये निभतं, म्हणजे खोलीच्या क्षेत्रफळाच्या 5 टक्के. खोलीला दुसरी चांगली खिडकी असेल तर 3 टक्केही पुरे. आम्ही 2 बाय 3 वर थांबलो.

जागाही मापाइतकीच महत्त्वाची. शेगडीच्या बरोबर वर नको. उत्तरेकडच्या भिंतीला चिकटून ठेवलं की हिवाळ्यातलं तिरपं ऊन भिंतीवर पडतं, माणसावर नाही, आणि उजळलेली भिंत सगळ्या खोलीला उजेड देते.

बजेट असेल तर माझं मत वेगळं आहे. काच आडवी ठेवूच नका. भोकावर दोन फूट उंच पेटी बांधा, वर छोटा स्लॅब, आणि काच उत्तरेकडे उभी, वर बारका छज्जा. थेट ऊन फारसं येत नाही आणि पाणी साचत नाही. बाजूला जाळी लावून फटी ठेवल्या तर गरम हवाही निघून जाते. उजेड मात्र कमी होतो, म्हणून भोक 3 बाय 3 घ्या. वडिलांना हेच पटलंय, आता ठेकेदाराच्या कोटेशनची वाट बघतोय.

आडवी काच असेल तर फक्त टफन्ड नको, लॅमिनेटेड मागा. फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात, खाली पडत नाहीत. काचेला थोडा उतार द्या.

आणि हे सगळं सळ्या बांधायच्या आधी ठरवा. भोकासाठी सळ्या तोडाव्या लागतात, त्या बदल्यात चारही बाजूंना जादा सळ्या लागतात. किती, ते इंजिनिअरकडून ड्रॉइंगवर लिहून घ्या. माझ्यासारख्या कोडिंगवाल्या इंजिनिअरकडून नको, सिव्हिलवाल्याकडून.

पुढच्या भागात जिन्याची उंची. भेटू.