ताटाचा ताळेबंद
(रत्नागिरी जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आंब्याचा भाव, खतांच्या किमती, वानर-डुकरांचा उपद्रव यांवर बोलणे झाले. आम्ही आता पोटाच्या घेरावर बोलणार आहोत. हसू नका. हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा विषय, शेतकऱ्याला कसला आलाय व्यायाम, असे आम्हीही म्हणत होतो. पण हल्ली बैठकीत चहा आला की निम्मे लोक ‘बिनसाखरेचा’ म्हणून हात वर करतात. देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 साली पुढे आला. हा आजार घरात शिरला की औषधाचा खर्च दर महिन्याला असतो. आंब्याचा पैसा मात्र वर्षातून एकदाच येतो.

“आम्ही तर सडपातळ, आम्हाला काय होणार?” असे कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली स्वतःचेच उदाहरण छापले. त्यांचे आणि जॉन युडकिन या इंग्लंडच्या डॉक्टरांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के, युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के! आपली चरबी काट्यावर दिसत नाही, ती पोटात साठते. म्हणून काट्याबरोबर टेपही हवी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर गेली, की सावध व्हावे.

हे झाले कसे? आपण शेतकरी आहोत, तेव्हा शेतीच्याच भाषेत बोलू. भाताला गरजेपेक्षा जास्त युरिया दिला तर काय होते? पीक नुसते पानावर जाते आणि दाणा भरायच्या वेळी लोळते. पिकाची मागणी आणि खताची मात्रा जुळावी लागते. माणसाचे तेच आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने 65 किलोच्या पुरुषाला कष्टाच्या कामाला दिवसाला 3470 उष्मांक लागतात, बैठ्या कामाला 2110. फरक 1360 चा, म्हणजे जवळजवळ 400 ग्रॅम तांदळाचा. पूर्वी नांगर, चिखलणी, लावणी, झोडणी, डोक्यावरून भारे आणि बाजाराला चालत जाणे होते. आता पॉवर टिलर आहे, ग्रासकटर आहे, दारात मोटारसायकल आहे. ही यंत्रे वाईट नव्हेत. आपल्या पाठीची ओझी त्यांनी उतरवली. पण काम बदलले आणि ताटातला भाताचा ढीग मात्र लावणीच्या दिवसांतलाच राहिला. त्यात तेल वाढले. मोठे दोन चमचे तेल म्हणजे सुमारे 250 उष्मांक, तासभर झपझप चालावे तेव्हा तेवढे खर्च होतात. सहा कप चहातली बारा चमचे साखर म्हणजे आणखी तेवढेच. म्हणून नुसते चालून भागत नाही आणि नुसते उपाशी राहूनही भागत नाही. उपाशी माणसाच्या चरबीबरोबर अंगातले मांसही झडते, मग कामाला जोर राहत नाही.

यात आमचीही एक चूक आहे, ती कबूल करतो. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली, तेव्हा वरकस जमिनीत आंबा-काजू लावा, असे आम्हीच गावोगाव सांगत फिरलो. त्यातून पैसा आला, ते चुकले असे म्हणत नाही. पण त्याच वरकसावर नाचणी, वरी, कुळीथ पिकत होते. ताटातून काय जाणार याचा हिशेब आम्ही मांडला नाही. नाचणीच्या भाकरीत चोथा असतो, ती पोटात टिकते. चुना म्हणाल तर तांदळाच्या कितीतरी पट. कुळथाची पिठी आणि बांगडा हे तर आपले घरचे प्रथिन.

तेव्हा करायचे काय? भात अर्धा करा. त्या जागी नाचणीची भाकरी, कुळीथ किंवा वाल, भाजी आणि मासे घ्या. मासे तळण्याऐवजी कालवणात घाला. तेल माणशी महिन्याला पाऊण किलोच्या आत ठेवा. ज्यांचे काम बसून आहे त्यांनी रोज अर्धा तास घाम येईल असे चालावे, आठवड्यातून दोनदा जोर-बैठका काढाव्यात. लावणीच्या दिवसांत पोटभर जेवा, हंगाम सरला की हात आवरा.

दोन गोष्टी नीट ऐका. ‘कमी खा’ हा सल्ला सर्वांसाठी नाही. दिवसभर राबून सर्वांत शेवटी उरलेसुरले जेवणारी, अंगात रक्त नसलेली बाई आपल्या घरात असेल, तर तिचे ताट वाढवा. आणि ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये.

शेवटी दोन सूचना मेळाव्यापुढे ठेवतो. पुढच्या बैठकीपासून नाश्त्याला वडे-भजी बंद, भाकरी आणि पिठी सुरू. आणि प्रत्येक गावात निदान काही घरांनी मिळून, एकाच पट्ट्यात, थोडी नाचणी करावी. वानर-डुकरांमुळे एकट्याला ती राखता येत नाही हे आम्ही जाणतो. म्हणूनच संघटना आहे. टेप आम्ही आणली आहे, ती त्या टेबलावर आहे. पहिली कंबर आमचीच मोजा.

जय किसान!