उसाचा ट्रॅक्टर आणि त्याचा धूर



डिझेल इंजिन सातारा-सांगलीकरांना परके नाही. कूपर यांच्या सातारा रोडच्या कारखान्यात १९३०च्या दशकात देशी डिझेल इंजिने तयार होऊ लागली, आणि पुढे कृष्णाकाठच्या कित्येक विहिरींवर मोटेच्या कुरकुरीऐवजी इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. त्या इंजिनाने आमचे मळे भिजवले. तेव्हा आज त्याच्या धुराविषयी बोलायचे ते त्याला चार शिव्या देऊन मोकळे होण्यासाठी नव्हे.

शहरातील बस विजेवर चालते, रिक्षा चालते, मग उसाचा ट्रॅक्टर का चालू नये, असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण थोडा हिशेब करून पाहावा. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते आणि त्यातील तीनएक युनिट इंजिनाकडून प्रत्यक्ष कामी येते. दिवसाला ६० लिटर जाळणाऱ्या ट्रॅक्टरला म्हणजे १८० युनिट लागली. ६० लिटर डिझेलचे वजन ५० किलो. तेवढे काम देणाऱ्या बॅटरीचे वजन टनाच्या वर जाते. शिवाय हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतो, आणि मध्यरात्री तो कोणाच्या फडात असेल हे चिटबॉयलाच ठाऊक! तेथे चार्जिंगचा खांब कोण रोवणार? जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत फिरणाऱ्या बोअरच्या गाडीची गोष्ट तर याहून अवघड. ती जाते तेथे पुष्कळदा विजेची तारही नसते, आणि तिच्या कॉम्प्रेसरची भूक ट्रॅक्टरच्या कितीतरी पट. द्राक्षबागेत फवारणी करणारा लहान ट्रॅक्टर विजेवर चालू शकेल. या मोठ्या गाड्यांना अजून काही वर्षे तरी थांबावे लागेल असे आम्हांस वाटते.

पण वीज येईपर्यंत हात जोडून बसावे, असा याचा अर्थ नव्हे.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटराचे वजन किलोहून कमी आणि वायू अडीच किलोहून जास्त, हे कसे? जळताना हवेतील प्राणवायू त्यात मिळतो म्हणून. हा वायू दिसत नाही. दिसतो तो काळा धूर, आणि तो वेगळा. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक नियम लागू झाले, त्यांनी हा काळा धूर आवरतो. परंतु जाळलेल्या डिझेलचा कार्बन कोणतीही जाळी अडवीत नाही. तो कमी व्हायचा तर डिझेलच कमी जळले पाहिजे.

आता कारखान्याच्या यार्डाकडे वळू. हंगाम ऐन भरात असताना रांग हलते इंच-इंच. पुष्कळ ड्रायव्हर इंजिन बंद करीत नाहीत. हा निष्काळजीपणा आहे असे म्हणणे फार सोपे. बॅटरी म्हातारी झालेली असते, सेल्फ एकदा रुसला तर मागच्या पन्नास गाड्या शंख करतात; म्हणून इंजिन धडधडत ठेवलेले बरे. (टेपवरील गाणी चालू राहतात हा आणखी एक लाभ!) उभ्या ट्रॅक्टरला ताशी लिटरभर डिझेल धरा. शंभर ट्रॅक्टर दोन-दोन तास उभे राहिले की दिवसाचे २०० लिटर, आणि १२० दिवसांच्या हंगामाचे २४,००० लिटर झाले. म्हणजे ६४ टन कार्बन डायऑक्साइड, आणि एक मोळीही त्यात इंचभर पुढे सरकली नाही.

हा खर्च कोणाचा? वाहतुकीचे पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर. उभे राहण्याचे कोणी देत नाही. बँकेचा हप्ता भरणाऱ्या ट्रॅक्टरमालकाच्या खिशातून ते डिझेल जाते. आणि तो धूर श्वासात घेतात बीडहून आलेल्या तोडकऱ्यांची मुले, ज्यांची खोपटी यार्डाच्या कडेला पडलेली असतात. रांग लांबवणारा एक आणि भोगणारे दुसरेच, म्हणून रांग कमी करण्याची घाई कोणालाच नसते. वस्तुतः गव्हाणीच्या वेगाप्रमाणे तोडणीच्या चिठ्ठ्या द्याव्यात, म्हणजे निम्मी रांग फडातच थांबेल. टायरांतील हवा, स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर तपासलेले नोझल ही कामे गावच्या मिस्त्रीला नवी नाहीत. त्यांसाठी बिनव्याजी उचल द्यावी. ट्रॅक्टर घेताना उचल मिळते, मग बॅटरी बदलताना का मिळू नये?

यापुढची पायरी इंधनाची. इथेनॉल आमच्याच उसाचे, आणि पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने २०२५मध्ये गाठला. पण ते डिझेलमध्ये सहज मुरत नाही. म्हणजे उसापासून झालेले इंधन मोटारसायकलीत जाते आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला परदेशी तेल! येथे प्रेसमड उपयोगी पडते. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात पावणेदोनशे टनांच्या आसपास प्रेसमड निघते, आणि २५ टनांतून सुमारे एक टन शुद्ध वायू मिळतो. ढोबळ मानाने सात टन वायू, म्हणजे आठ-नऊ हजार लिटर डिझेलच्या तोडीचा. उरलेला चोथा खत म्हणून पुन्हा शेतात. केंद्र सरकारची अशा वायूसाठीची योजना २०१८पासून आहे, आणि ट्रॅक्टर वायूवर चालतो हे २०२१मध्ये दिल्लीत दाखवले गेले. ट्रॅक्टर दररोज कारखान्याच्या दारात येतोच. टाकी भरायला त्याला वाकडी वाट नको. मात्र एक सावधगिरी हवी. हा वायू मिथेन आहे आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक तापवतो. टाकी-नळी गळकी राहिली तर केलेली कमाई हवेत गेलीच, वर पाप पदरात पडले.

आपल्यापैकी पुष्कळजण कारखान्यांचे सभासद आहात. वार्षिक सभेचा अहवाल हाती येतो तेव्हा त्यात गाळप असते, उतारा असतो. त्याच पानावर वाहन यार्डात सरासरी किती तास उभे राहिले, हा एक आकडा छापावा, अशी मागणी येत्या सभेत करा. त्यासाठी नवे यंत्र नको. यार्डात शिरताना गाडीला नंबर मिळतो आणि काट्यावर वेळ पडते. वजाबाकी तेवढी करायची.