एका वेळी एकच पायरी
(गावातील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण ज्या मुलाविषयी बोलणार आहोत, ते पुष्कळ घरांत असते. मिक्सर सुरू झाला की ते कान झाकून कोपऱ्यात पळते. नवा सदरा घातला की मानेपाशी टोचतो म्हणून रडते. डोक्यावर पाणी पडले की किंचाळते. केस कापायचे म्हटले की घरात रणकंदन होते. भाजीचा रस्सा भाताला लागला, तर ते जेवण टाकून उठते.

आणि आपण काय म्हणतो? "हट्टी आहे." "लाडानं बिघडलंय." "दोन रट्टे द्या, येईल ताळ्यावर." सासू सुनेला बोल लावते. नवरा बायकोवर चिडतो. कुणी म्हणते नजर लागली, मग गंडा-दोरा येतो. मूल मात्र रडतच राहते.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक शिकलेले शाळामास्तर. पण जन्म मुलांत गेला. अशी मुले आम्ही जवळून पाहिली आहेत. त्यांच्याविषयी जे वाचले, जे पाहिले, ते आज सांगतो.

डोळे, कान, नाक, जीभ आणि कातडी ही आपली पाच ज्ञानेंद्रिये. बाहेरची बातमी ती मेंदूला पोचवतात. याशिवाय आणखी दोन आहेत. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. आणि हातपाय कुठे आहेत, किती जोर लागतो आहे, हे स्नायू आणि सांधे सांगतात. बातमी सगळ्यांनाच पोचते. पण काहींच्या मेंदूत ती फार मोठी होऊन पोचते. रेडिओचे बटण पूर्ण पिळून ठेवावे, तसे. ताट पडल्याचा आवाज तुम्हाला आम्हाला नुसता आवाज. त्या मुलाला तो कानात खिळा ठोकल्यासारखा वाटतो. काही मुलांचे उलटे असते. त्यांचे बटण बारीक असते. ती सारखी गोल फिरतात, उड्या मारतात, भिंतीला अंग घासतात.

अमेरिकेत जीन आयर्स नावाच्या बाई होत्या. रोजची कामे करता यावीत म्हणून माणसाला सराव देणारे जे उपचार असतात, त्यांना व्यवसायोपचार म्हणतात. बाई त्यातल्या जाणकार. अशा मुलांचा त्यांनी पुष्कळ वर्षे अभ्यास केला आणि १९७२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. हे मूल खोड्या करत नाही, त्याला खरोखरच त्रास होतो, ही गोष्ट त्यानंतर पुष्कळांच्या ध्यानात आली.

तुमच्या डोळ्यांत तिखट गेले आणि कुणी म्हणाले, "सोस की जरा," तर चालेल का? नाही चालणार. मग मारून मुटकून मुलाचा त्रास कसा जाईल? माराने भीती तेवढी वाढते.

मग काय करायचं? मूल जसे आहे तसे सोडून द्यायचे का? तसेही नाही. त्याला शाळेत जायचे आहे, चारचौघांत जेवायचे आहे. म्हणून घराने मिळून काही ठरवावे लागते. पण ठरवायचे ते हलके, झेपेल एवढे. नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी आपण नांगराला जुंपत नाही. आधी मानेला जुवाची सवय करतो. मुलाशी आपण याहून कमी सबुरीने वागायचे का?

एका घरची गोष्ट सांगतो. मुलगी सात वर्षांची. अभ्यासात बरी. पण दुपारी शाळेत खिचडी वाटायला लागले, की ताटल्यांचा खणखणाट आणि शंभर मुलांचा कालवा तिला सोसत नसे. ती दप्तर टाकून घरी पळून येई. बाप वैतागला. म्हणाला, "पुरे झाली शाळा. म्हशीमागं जाईल." आईला ते पटेना. पण घरात तिचे कोण ऐकणार? शेवटी आजी मधे पडली. गुरुजींना घरी बोलावले आणि सगळे एका जागी बसले.

बापाचे म्हणणे, महिन्याभरात पोरगी सगळ्यांबरोबर जेवली पाहिजे. आई म्हणाली, "आधी ती शाळेतनं पळून येऊ नये, एवढंच बघू." आजीने आईची बाजू घेतली. मग ठरले असे. पहिले काही दिवस मुलीने एका मैत्रिणीबरोबर रिकाम्या वर्गात जेवायचे. ते जमले की वर्गाच्या दारात बसायचे. ते जमले की पंगतीच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून. त्रास झाला तर गुरुजींकडे बघून हात वर करायचा आणि उठून जायचे. कुणी रागवायचे नाही.

दारापर्यंत गाडी नीट आली. मग एके दिवशी जवळच ताटल्यांची चळत कोसळली. मुलगी घरी पळाली. बाप म्हणाला, "बघा, मी सांगत होतो." पण आजीने त्याला गप्प केले. मुलगी पुन्हा चार दिवस रिकाम्या वर्गात जेवली आणि मग पुन्हा दारात आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पंगतीच्या टोकाला बसू लागली. ताटल्या गोळा करताना ती अजून कान झाकते. झाकू द्या. शाळा सुटली नाही, हे महत्त्वाचे. बाप अजून कुरकुरतो, पण म्हशीचे नाव काढत नाही.

या घराने जे केले, ते तुम्हालाही करता येईल. नीट ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट. आठ दिवस नुसते पाहा आणि वहीत लिहा. तुम्ही लिहायला शिकलात, त्याचा इथे उपयोग करा. मूल कधी रडले, कुठे रडले, त्याआधी काय झाले, आणि कशाने शांत झाले. चारच ओळी. आठ दिवसांनी वाचून पाहा. हट्ट वाटत होता त्यामागचे कारण पुष्कळदा सापडते.

दुसरी गोष्ट. एका वेळी एकच काम धरा. केस, कपडे, जेवण, शाळा, सगळे एकदम काढू नका. ज्याने मुलाचे जास्त अडते, ते आधी घ्या.

तिसरी गोष्ट. मुलाला बदलण्याआधी घर थोडे बदला. सदऱ्याचे लेबल काढा. सुती, धुऊन मऊ झालेला कपडा घाला. डोक्यावर एकदम तांब्या ओतू नका. आधी पायावर, मग हातावर पाणी घ्या आणि सांगून घ्या. नखे आंघोळीनंतर कापा, तेव्हा ती मऊ असतात. मिक्सर लावण्याआधी हाक मारा, म्हणजे मूल अंगणात जाईल. घर एकाच खोलीचे असले तरी एका कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा बांधता येतो. आत गोधडी ठेवा. तो कोपरा मुलाचा. शिक्षा म्हणून तिथे बसवू नका.

चौथी गोष्ट. लग्नाची, जत्रेची तयारी आधी करा. वाजंत्री येण्याआधी मांडव रिकामा असताना मुलाला दाखवून आणा. त्रास झाला तर कोण त्याला बाहेर नेईल, ते घरून ठरवून निघा. पाहुण्यांच्या पाया पडायला, गालाला हात लावून घ्यायला जबरदस्ती करू नका. लांबून नमस्कार केला तरी पुरे.

पाचवी गोष्ट. शेजारच्या मुलाशी तुलना नको. काल आपले मूल कुठे होते आणि आज कुठे आहे, तेवढेच माप लावा. आठवड्यातून एकदा सगळे बसा आणि वही वाचा. जमत नसेल तर पायरी लहान करा. आणि आईला रोज घटकाभर विसावा मिळेल, हेही त्यातच ठरवा. थकलेल्या जिवाला सबुरी कुठून येणार?

आता डॉक्टरांचे. मूल वेळेवर बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, दोन-तीनच पदार्थ खाऊन वजन घटत असेल, किंवा स्वतःचे डोके आपटून घेत असेल, तर घरच्या उपायांवर थांबू नका. कान आणि डोळे तपासून घ्या. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातले पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासायला येते. ही तपासणी फुकट असते. आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना विचारा. पुढची तपासणी लागली तर त्या वाट दाखवतील. स्वमग्नता असलेल्या पुष्कळ मुलांना असा त्रास होतो. पण ज्याला आवाज सोसत नाही, ते प्रत्येक मूल स्वमग्न असते असे नाही. ते जाणकारांनी ठरवायचे. आपण तर्क करू नये.

ही मुले पुष्कळदा फार बारीक नजरेची असतात. पाऊस येण्याआधीचा वास त्यांना आधी कळतो. कुणाचा आवाज बदलला, हेही त्यांना आधी कळते. अशा मुलापुढे आवाज चढवण्याआधी जरा थांबावे.

आज घरी गेल्यावर वहीचे एक कोरे पान काढा. वर तारीख घाला आणि आजची पहिली ओळ लिहा. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.