व्यवस्थापन शिक्षणाचा कळस आणि मालकीचा प्रश्न



'बीएमएस' ही तीन अक्षरे कानावर पडली की विचारपरिवारातील कार्यकर्त्याला भारतीय मजदूर संघ आठवतो. दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे स्थापन केलेली ही संघटना. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील घराघरांत मात्र गेल्या पाव शतकात हीच अक्षरे वेगळ्या अर्थाने रुळली आहेत. मुंबई विद्यापीठाने १९९९ मध्ये 'बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज' हा तीन वर्षांचा, सहा सत्रांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. बी. कॉम. करून बँकेच्या परीक्षा देणारी उपनगरी मध्यमवर्गीय पिढी मागे पडली आणि बारावीनंतर थेट व्यवस्थापनशास्त्र शिकणारी पिढी पुढे आली. अभ्यासक्रम विनाअनुदानित, म्हणून शुल्क अधिक. तरीही आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ते भरले. एका बीएमएसने श्रमाचा विचार केला, दुसरे व्यवस्थापनाचा विचार शिकवते. या दोन विचारांची गाठ कोठे पडते का, हा आजचा विषय आहे.

व्यवस्थापन शिक्षणाच्या रचनेत एक गोष्ट महत्त्वाची मानली जाते. वित्त, विपणन, उत्पादन, मनुष्यबळ हे विषय सुटे सुटे शिकवून झाल्यावर अखेरीस एक असा अभ्यासक्रम ठेवायचा, की ज्यात विद्यार्थी संस्थेच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसून समग्र निर्णय घेईल. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने आपल्या पहिल्या दशकातच 'बिझनेस पॉलिसी' या नावाने तो सुरू केला. १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने गॉर्डन आणि हॉवेल या अभ्यासकांनी अमेरिकेतील व्यवस्थापन शिक्षणाची झाडाझडती घेतली आणि असा अभ्यासक्रम सर्वत्र असावा, अशी शिफारस केली. इंग्रजीत त्याला 'कॅपस्टोन' म्हणतात, म्हणजे बांधकामाच्या माथ्यावर शेवटी बसवायचा दगड. मराठीत त्याला कळस म्हणावे. मुंबईच्या बीएमएसमध्ये व्यवसायाच्या व्यूहरचनेचा विषय आणि अखेरच्या सत्रातील प्रकल्प हे दोन मिळून ही जागा भरतात.

कल्पना उत्तम आहे. प्रश्न एवढाच, की हा कळस कोणत्या मंदिरावर चढवला जातो? उपनगरातील विद्यार्थी अमेरिकन विमान कंपन्यांची, मोटार कारखान्यांची, कॉफीच्या दुकानांची उदाहरणे पाठ करतो. सामर्थ्य, दौर्बल्य, संधी आणि धोके यांचा चौकोन काढतो. प्रकल्पाची वेळ आली की जुन्या प्रकल्पाची प्रत मिळवून, मुखपृष्ठ बदलून, स्पायरल बाइंडिंग करून सादर करण्याची सोयही गल्लीतील झेरॉक्सच्या दुकानात होते. ज्या सत्रात विद्यार्थ्याने प्रथमच स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा, नेमके तेच सत्र दुसऱ्याच्या अक्षरात पार पडते. विद्यार्थी आळशी आहेत, एवढे म्हणून यातून सुटका होणार नाही. जे उदाहरण त्याच्या जीवनाला कोठेच स्पर्श करत नाही, त्याच्याविषयी त्याने तळमळीने विचार करावा तरी कसा?

वस्तुतः व्यूहरचनेचे उत्तम पाठ उपनगरी लोकलच्या खिडकीतून दिसतात. पार्ले उद्योगाचेच पाहा. मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ मध्ये विलेपार्ल्यात कारखाना काढला आणि उपनगराचे नावच उद्योगाला दिले. पुढे याच परिवाराच्या वेगवेगळ्या शाखा झाल्या. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकीय भागभांडवल कमी करण्याची अट आली आणि १९७७ मध्ये कोका-कोलाने भारत सोडला. त्याच वर्षी रमेश चौहान व त्यांच्या बंधूंनी 'थम्स अप' बाजारात आणले. पुढील दीड दशक या भारतीय पेयाने देशाची बाजारपेठ गाजवली. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि त्याच वर्षी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही सगळी नावे तिच्या हाती गेली.

हा प्रसंग सांगताना स्वदेशीचा कार्यकर्ता हळहळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु हळहळ म्हणजे अभ्यास नव्हे. ही विक्री का झाली? पेयाचे नाव व अर्क पार्लेच्या मालकीचा होता, मात्र बाटल्या भरणारे बहुतेक कारखाने परवानाधारकांचे होते. मोठ्या भांडवलाची परदेशी कंपनी त्यांना आपल्याकडे वळवू लागली, तर नाव हाती राहील पण माल बाजारात पोहोचणार नाही, हे संकट उघड होते. म्हणजे किल्ला आपला, पण रसद दुसऱ्याच्या हाती. हा दोष देशभक्तीचा नव्हता, रचनेचा होता आणि तो १९९३ च्या कितीतरी आधी निर्माण झालेला होता. विकत घेतल्यावर प्रारंभी बाजूला सारलेले थम्स अप कोका-कोलाला पुन्हा पुढे आणावे लागले आणि २०२१ मध्ये त्याची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलरवर गेल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. भारतीय ग्राहकाने नाकारलेली वस्तू आपण विकली नव्हती, हे त्यावरून स्पष्ट होते.

त्याच रमेश चौहान यांच्याकडे १९६९ मध्ये इटालियन मालकाकडून घेतलेले 'बिसलरी' हे नाव होते. अंधेरी पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गावर तिचे मुख्यालय आहे. २०२२ च्या अखेरीस ती टाटा समूहाकडे जाणार, अशी चर्चा झाली. मार्च २०२३ मध्ये ती बोलणी थांबली. परदेशी मालकाकडून घेतलेले नाव टिकवायचे, देशातल्याच समूहाला द्यायचे, की पुढच्या पिढीने चालवायचे, हा निर्णय अंधेरीत घेतला जात होता. अंधेरीच्या महाविद्यालयातील व्यूहरचनेच्या तासाला त्या सप्ताहात याहून सजीव विषय कोणता असू शकत होता?

आता दोन मराठी उद्योगांकडे वळू. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात शाईपासून आरंभ केलेला 'कॅमलिन' हा उद्योग पुढे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत स्थिरावला. महाराष्ट्रातील क्वचितच एखादे दप्तर असेल, ज्यात त्यांची कंपासपेटी वा रंगपेटी गेली नाही. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यातील निम्म्याहून अधिक भागभांडवल घेतले. मुलुंडचा सुगंधी द्रव्यांचा 'एस. एच. केळकर' हा उद्योग १९२२ चा. साबण, अगरबत्ती, सौंदर्यप्रसाधने यांत तो सुगंध पुरवतो. त्याचे नाव ग्राहकाला ठाऊक नसते, पण त्याच्या मालावाचून ग्राहकाला ठाऊक असलेल्या नावांचे चालत नाही. साधारण त्याच कालखंडात या उद्योगाने नेदरलँड्समधील कंपनी घेतली, पुढे इटलीतीलही घेतली आणि २०१५ मध्ये तो शेअर बाजारात उतरला. एका घराण्याने मालकी बाहेर दिली, दुसऱ्याने बाहेरची मालकी आणली. दोघेही जुने, दोघेही सचोटीचे. मग फरक कशाने पडला? शालेय साहित्याच्या बाजारात स्वस्त मालाची स्पर्धा कशी असते, संशोधनात मुरलेले ज्ञान किती काळ संरक्षण देते, पुढील पिढीचे नियोजन केव्हा करावे, हे सर्व प्रश्न यातून उभे राहतात. मुलुंडमध्ये केळकर एज्युकेशन ट्रस्टचे वझे महाविद्यालय १९८४ पासून उभे आहे. उद्योग आणि विद्यालय एकाच उपनगरात, एकाच नावाच्या सावलीत आहेत. दोघांमधील रस्ता ओलांडण्याचे काम अभ्यासक्रमाने करायचे आहे.

आणि तिसरा पाठ जमिनीचा. विलेपार्ल्याचा पार्ले कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. ज्या भाजलेल्या बिस्किटांच्या वासाने प्रवाशाला स्थानक आल्याचे कळत असे, तो वास नाहीसा झाला. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत. त्यांपैकी कित्येक जागांवर आता मॉल आणि मनोरे आहेत. जमिनीचे मोल उत्पादनाच्या मोलापेक्षा अधिक झाले की उत्पादक जमीनमालक होतो आणि कामगार सुरक्षारक्षक. ताळेबंद सुधारतो, समाजाच्या हातातले कसब मात्र कमी होते. असे कसब कोणत्या ताळेबंदात मांडायचे, हे हार्वर्डच्या पुस्तकात सापडणार नाही.

हे प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित होते काय? कौटिलीय अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती रा. प. कंगले यांनी तीन भागांत सिद्ध केली आणि १९६० ते १९६५ या काळात ती खुद्द मुंबई विद्यापीठानेच प्रकाशित केली. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव हे षाड्गुण्य म्हणजे बलाबल पाहून निर्णय घेण्याचे शास्त्र. अटींनी बांधलेला करार म्हणजे संधी आणि बलवानाच्या आश्रयाला जाणे म्हणजे संश्रय. या भेदाच्या प्रकाशात १९९३ आणि २०११ चे व्यवहार तपासले, तर विद्यार्थ्याला चौकोन काढण्यापेक्षा पुष्कळ अधिक दिसेल. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात साहुकार हे राज्याचे भूषण मानले आहेत. त्याच आज्ञापत्रात टोपीकर व्यापाऱ्यांविषयी सावधानताही सांगितली आहे. त्यांनी यावे, व्यापार करावा, पण कायमचे ठाणे मिळवू नये, असा त्याचा आशय आहे. व्यापाराला विरोध नाही, ठाण्याविषयी जागरूकता आहे. यापेक्षा संतुलित स्वदेशी धोरण कोणते?

कंगले यांचा तिसरा खंड ज्या १९६५ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी याच मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानववाद मांडला. अर्थव्यवस्था माणसासाठी आहे, माणूस अर्थव्यवस्थेसाठी नाही, हे त्याचे सार. ठेंगडींनी पुढे जाऊन उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा आग्रह धरला, म्हणजे श्रम करणाऱ्याला मालकीत स्थान. हे स्वप्नरंजन आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी लिज्जत पापडाकडे पाहावे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन आरंभ केला. आज उपनगरांतील असंख्य घरांत त्याचे पापड लाटले जातात. लाटणारी प्रत्येक भगिनी सहमालक आहे. म्हणूनच हा उद्योग एका रात्रीत एका स्वाक्षरीने कोणाला विकता येत नाही. मालकीची रचना हीच त्याची तटबंदी आहे. एका बीएमएसने सांगितलेले तत्त्व दुसऱ्या बीएमएसच्या विद्यार्थ्याला येथे प्रत्यक्ष दिसू शकते.

यावर आक्षेप येईल, की हा संकुचितपणा आहे. जगाशी स्पर्धा करायची तर जगाचीच उदाहरणे हवीत. ती अवश्य हवीत. हार्वर्डची पद्धत टाकायची नाही, घ्यायची आहे. हार्वर्डनेही प्रथम आपल्या परिसरातील उद्योजकांना वर्गात बोलावून, त्यांच्या खऱ्या अडचणी मुलांपुढे ठेवूनच आपली पद्धत घडवली. आपण मात्र पद्धतीऐवजी तिची फळे उचलली आणि बी तेथेच ठेवले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार महाराष्ट्रात पदवीच्या रचनेत प्रत्यक्ष कार्यानुभव, क्षेत्रीय प्रकल्प आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांना श्रेयांक मिळाले आहेत. दार उघडले आहे. आत जाण्याचे काम प्राध्यापकांचे आणि समाजाचे आहे. चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाने लोकलच्या अंतरातील एक लहान उद्योग निवडावा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांचे वर्कशॉप असो, बोरिवलीतील मसाल्यांचा घरगुती व्यवसाय असो, की घाटकोपरची फरसाणाची भट्टी असो. एक सत्र तेथे नियमित जावे. मराठीत लिहावेसे वाटले तर मराठीत लिहू द्यावे. चार प्रश्नांची उत्तरे आणावीत : मालक कोण आहे आणि उद्या कोण असेल? माल ग्राहकापर्यंत कोणाच्या हातून जातो? पायाखालची जमीन उत्पादनाहून महाग झाली तर काय करणार? आणि हा व्यवसाय बंद पडला तर ग्राहकाखेरीज आणखी कोणाचे नुकसान होईल? तोंडी परीक्षेला प्राध्यापकाच्या शेजारी तो उद्योजक बसावा. त्याच्यासमोर दुसऱ्याचा प्रकल्प वाचून दाखवण्याचे धाडस कोणी करणार नाही.

यातून प्रत्येक विद्यार्थी उद्योजक होईल असे नाही. बहुसंख्य नोकरीच करतील, आणि नोकरी हे काही कमीपणाचे लक्षण नाही. परंतु एखाद्या कंपनीच्या विक्रीच्या कागदपत्रांवर काम करण्याची वेळ त्याच्यावर आली, तर काय विकले जात आहे हे त्याला समजलेले असेल. काय विकता येते, हे शिकवणारे शिक्षण सर्वत्र मिळते. काय विकू नये आणि ते विकावे न लागण्यासाठी वीस वर्षे आधी कोणती रचना उभारावी, हे ज्या सत्रात शिकवले जाईल, त्या सत्राला कळस म्हणणे शोभेल.