गवत कोण कापणार?

(मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



देणगी देताना आपण बहुधा विचारतो, "यंदा नवीन काय बांधणार?" मी आज बांधलेले राखण्याविषयी बोलणार आहे.

पापुआ न्यू गिनी या देशात आठशेहून अधिक भाषा आहेत आणि डोंगरांतल्या कित्येक गावांना मोटाररस्ता नाही. १९५१ पासून मिशन एव्हिएशन फेलोशिप ही ख्रिस्ती संस्था तेथे लहान विमाने चालवते. ही विमाने उतरतात गवताच्या धावपट्टीवर. अशा अनेक पट्ट्या गावकऱ्यांनी स्वतः कुदळ-फावड्याने, डोंगर खणून तयार केल्या आहेत. काही इतक्या उताराच्या आहेत की विमान चढावर उतरते आणि उताराकडे उडते.

पट्टी तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. तेथे पाऊस भरपूर आणि गवत भराभर वाढते. उंच किंवा ओल्या गवतात विमानाला वेग येण्यास जास्त अंतर लागते, म्हणून वजन कमी घ्यावे लागते. ओल्या गवतावर ब्रेक नीट लागत नाहीत. चर बुजले की जमीन मऊ होऊन चाक रुतते. डुकरांनी उकरलेला एक खड्डासुद्धा घात करू शकतो. म्हणून गवत कापणे, चर मोकळे करणे, खड्डे भरणे हे गावाने सतत करायचे काम. ते थांबले की पट्टी बंद होते. मग लस येत नाही, कॉफीची पोती बाजारात जात नाहीत आणि अडलेल्या बाळंतिणीला डोंगर उतरवत चालत न्यावे लागते.

झोळीतून रुग्ण नेणे आपल्या सातपुड्यातल्या पाड्यांनाही नवे नाही. आपल्याला विमान नको आहे. पण पायवाटेवरचा साकव, हातपंपाचा वॉशर, आरोग्यसेविकेच्या पेटीतली औषधे, हे आपले 'गवत'च आहे. त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून त्यासाठी देणगीही येत नाही.

माझी विनंती एवढीच. यंदाच्या देणगीतला काही भाग 'देखभालीसाठी' असे लिहून द्या. आणि पाड्यावर काही उभारण्याआधी तेथील माणसांबरोबर बसून ठरवा : ते कोण राखणार, कोणत्या दिवशी, कोणत्या अवजाराने? उत्तर मिळाले, तरच पाया खणा.

देव आपल्या श्रमांना यश देवो.