मूर्तीची पाठ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटर आणि कला’ हा विषय दिला, दहा मिनिटं दिली आणि नंतर जेवण आहे याची आठवणही दिली. तेव्हा थोडक्यात सांगते.

मागच्या दिवाळीत मी आपल्या चित्रकलेच्या सरांकडे गेले होते. सर आज पहिल्याच रांगेत बसले आहेत. मी ब्लेंडरमध्ये केलेलं एका म्हातारीचं डोकं त्यांना मोबाइलवर दाखवलं. ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात पडद्यावरचा गोळा पेनने दाबत, ओढत घडवता येतो. सरांनी चष्मा वर केला, बोटाने ते डोकं फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “नाक चांगलं उतरलंय. पण माती कुठाय?”

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देऊन बघते.

सर, शाडूचा गोळा हातात देताना तुम्ही सांगायचात, “मूर्ती पुढून बघू नका, फिरून बघा.” डिजिटल शिल्पालाही हीच कसोटी लागते. ते नेहमी आपली चांगली बाजू पुढे करून बसलेलं असतं. त्याचा रंग आणि चकाकी काढून टाकावी, साध्या राखाडी रंगात एका बाजूने उजेड पाडावा आणि मग फिरवावं. गाल मानेला कसा मिळतो, कानामागे काय आहे, ते तेव्हा दिसतं. माझ्या म्हातारीला मी हौसेने शेकडो सुरकुत्या कोरल्या होत्या. राखाडी करून पाहिलं तर कातडीखाली कवटीच नव्हती! सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली.

आता मातीबद्दल. ओली माती खचते, मूर्तीचा हात लांब केला तर आत तार घालावी लागते. पडद्यावर वजनच नाही. ते शिल्प म्हणजे बारीक त्रिकोण-चौकोनांची नुसती कातडी, आतून पोकळ. छापायचं ठरलं की तिला जाडी द्यावी लागते आणि कशात छापायचं तेही ठरवावं लागतं. माती आपणहून काही सांगत नाही, म्हणून निवड पूर्णपणे शिल्पकाराची. अशा शिल्पासमोर उभं राहिलं की मी आधी विचारते, हे याच पदार्थात का केलं?

एक उदाहरण देते. २०१५ साली आयसिसने मोसुलच्या संग्रहालयातले प्राचीन पुतळे घणांनी फोडले. त्याची चित्रफीत आपण बातम्यांमध्ये पाहिली. इराणमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या मोरेहशीन अल्लाहयारी या कलावतीने नष्ट झालेल्या १२ वस्तू कॉम्प्युटरवर पुन्हा घडवल्या. अभ्यासकांशी पत्रव्यवहार करून तिने फोटो, नकाशे, कागदपत्रं जमवली. त्यात हत्रा या प्राचीन नगरीच्या उथल राजाचा पुतळाही आहे. मूळ पुतळा दगडाचा. तिने दगडाचा आभास होईल असा पदार्थ वापरला नाही. पलीकडचं अंधूक दिसेल अशा रेझिनमध्ये, हातात धरता येईल एवढा छोटा राजा छापला आणि त्याच्या पोटात, बाहेरून दिसेल असा, एक पेनड्राइव्ह आणि एक मेमरी कार्ड बसवलं. जमवलेली सगळी माहिती त्यात आहे. मूळ पुतळा गेला आहे हे ती मूर्ती लपवत नाही. काय गेलं, त्याची नोंद तेवढी पोटात सांभाळते. सर, तिथे माती म्हणजे ती माहिती.

हे मी आज का सांगते आहे? जुन्या इमारतीच्या दाराशी सरांनी सिमेंटमध्ये केलेली, पाटीवर लिहिणारी मुलगी होती. इमारत पाडताना ती फुटली. त्याच्या आधी चार महिने मी शाळेत आले होते. चारी बाजूंनी पन्नास-साठ फोटो काढले असते तर कॉम्प्युटरने त्यावरून तिचा पूर्ण आकार उभा केला असता. हे मला ठाऊक होतं. तरी मी पुढून एकच फोटो काढला आणि तोही तिच्यासोबत सेल्फी.

त्या मुलीच्या पाठीवर दोन वेण्या होत्या. त्यातली एक सुटलेली होती की नाही, यावर आपल्या ग्रुपवर दोन दिवस वाद चालला. सरांना विचारलं तर म्हणाले, “हाताला आठवत असेल, मला नाही.”

तेव्हा एक विनंती आहे. घरी जाऊन जुने अल्बम काढा. निरोप समारंभ, सहल, गॅदरिंग, ज्या फोटोच्या कोपऱ्यात ती मुलगी दिसत असेल तो पाठवा. पाठीमागून, बाजूने, अर्धवट, कसाही चालेल. त्यावरून मी तिला पडद्यावर उभी करेन. जिथे पुरावा मिळणार नाही तिथे मनाने वेणी घालणार नाही, ती जागा सपाट ठेवेन. मग ती छापून, साचा काढून, पुन्हा सिमेंटमध्येच ओतू. प्लॅस्टिकची मुलगी दारात नको.

आणि सर, साचा उघडल्यावर शेवटचा हात तुम्ही फिरवायचा. त्या सपाट जागेवर तुमच्या बोटांना काही आठवलं, तर तेवढं ओल्या सिमेंटमध्ये करा. आम्ही आजूबाजूला उभे राहून, फिरून बघू.